पिसांच्या आधी हाडं

कोल्हापुरात डायनोसॉर सापडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण दर पावसाळ्यानंतर कुणी ना कुणी पन्हाळ्याच्या पायथ्याचा एखादा दगड पिशवीत घालून मला दाखवायला आणतंच. आपल्या पायाखाली आहे तो गोठलेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पिसांचे डायनोसॉर मिळतात ते चीनच्या लियाओनिंग प्रांतात. साडेबारा कोटी वर्षांपूर्वी तळ्याच्या तळाशी, बारीक गाळात आणि ज्वालामुखीच्या राखेत दबलेले. पिसाचा ठसा उमटायला गाळही तितकाच बारीक लागतो.

मला हे फजिती होऊन कळलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला खाणीतून एक दगड आणला होता. आतल्या पोकळीत पांढऱ्या सुया पंख्यासारख्या पसरलेल्या, हुबेहूब पीस. त्या रात्री झोप नाही. सकाळी सरांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "हे स्कोलेसाइट, झिओलाइट गटातलं खनिज. आणि काय गं, हजार अंशांच्या वर तापलेल्या लाव्ह्यात पीस उरेल होय?" अख्खा वर्ग हसला. तो दगड आजही माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज. म्हणून डायनोसॉरांच्या अभ्यासात नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की पिसांची रंगीत चित्रं नंतर बघा, आधी कोंबडीची हाडं शिका.

चिकनवाल्याला सांगायचं, "तुकडे नको, अख्खी दे." "ताई, अख्खी नीट शिजायची न्हाई," असं तो म्हणतोच. मंद आचेवर शिजवा, रस्सा घरच्यांना वाढा, हाडं आपली. दात घासायचा जुना ब्रश, कोमट पाणी, धुण्याची पावडर, मग सावलीत वाळवण. पहिल्यांदा मी गॅलरीत वर्तमानपत्रावर हाडं पसरली तेव्हा आई म्हणाली, "पापडाच्या शेजारी नको घालूस एवढं."

वाळल्यावर एकेक हाड हातात घेऊन बघा. छातीच्या पुढच्या टोकाला व्ही अक्षरासारखं नाजूक हाड असतं. ती दोन्ही बाजूंची गळपट्टीची हाडं एकत्र जुळलेली. आम्ही त्याला फर्क्युला म्हणतो. पंखाच्या टोकाशी तीन बोटांची खूण सापडते. तंगडी खाताना टोचणारं सुईसारखं हाड म्हणजे आपल्या पोटरीतल्या बारीक हाडाचाच आक्रसलेला भाऊ. आणि कोंबडीचा 'उलटा गुडघा' हा गुडघा नाहीच, तो घोटा. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला.

या व्ही हाडावर मोठं महाभारत झालं आहे. १९२० च्या दशकात डेन्मार्कच्या गेरहार्ड हाइलमाननं पक्षी आणि मांसाहारी डायनोसॉर यांच्यातलं साम्य बारकाईनं मांडलं, पण शेवटी कच खाल्ली. डायनोसॉरांना गळपट्टीची हाडं नाहीत आणि एकदा गेलेलं हाड परत येत नाही, म्हणून पक्ष्यांचे पूर्वज कुणी वेगळेच, असा त्याचा निष्कर्ष. पुढची कित्येक वर्षं बहुतेकांनी तो मानला. गंमत म्हणजे १९२४ मध्ये वर्णन झालेल्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरमध्ये ते हाड होतं! फक्त त्याला भलत्याच हाडाचं नाव दिलं गेलं होतं. १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या मांसाहारी डायनोसॉरचं वर्णन केलं, पुढं त्याचं मनगट आणि हात आर्किऑप्टेरिक्स या अतिप्राचीन पक्ष्याशी ताडून पाहिले आणि वाद पुन्हा उघडला. अंगावर पिसांसारखे तंतू असलेला डायनोसॉर सायनोसॉरोप्टेरिक्स जगापुढं आला १९९६ मध्ये. म्हणजे पिसं दिसायच्या वीसेक वर्षं आधीच हाडांनी जबाब दिला होता.

पिसांच्या मोहाचा तोटाही बघून ठेवा. १९९९ मध्ये 'आर्किओरॅप्टर' नावाचा जीवाश्म गाजला. पुढचा भाग पक्ष्याचा, शेपूट मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनोसॉरची, दोन्ही चिकटवलेले. नमुना खोदकामातून आला की बाजारातून, हे पहिल्यांदा विचारायचं.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे, पण लांब. भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुण्यात विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. पुढं पीएच.डी.साठी नेट ही पात्रता परीक्षा, लखनौची बिरबल साहनी संस्था याच विषयाची. पोटापाण्याचं विचाराल, तर जागा थोड्या. माझ्या बरोबरीचे निम्मे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन सरकारी खात्यात गेले आणि सुखात आहेत.

आपल्याकडे पिसं नाहीत, पण अंडी रग्गड आहेत. मी त्यांच्या कवचावर काम करते. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात अंड्याच्या आत अंडं असलेला टायटॅनोसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा, नमुना मिळाला. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोवर हा प्रकार पक्ष्यांतच माहीत होता. टायटॅनोसॉर पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत, त्यामुळं एका अंड्यावरून लगेच उड्या मारू नयेत. तरी तो शोधनिबंध मी उभ्या उभ्या वाचून काढला होता.

कवचाचा तुकडा रेझिनमध्ये बसवायचा, काचेवर चिकटवायचा आणि कार्बोरंडमच्या पावडरीवर ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासत न्यायचा. तेव्हा कुठं त्यातून उजेड आरपार जातो. टायटॅनोसॉरच्या कवचात कॅल्साइटचे स्फटिक पंख्यासारखे उघडलेले दिसतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला टेबलावरचा तो दगड आठवला, आणि सरांना फोटो पाठवायच्या आधी मी दोन सीनिअरांना दाखवून घेतला. घासताना एक सेकंद जास्त झाला की तुकडा गायब. माझे असे बरेच गेले. म्हणून सराव कोंबडीच्या अंड्याच्या टरफलावर करा. ते पातळ असतं, फार लवकर संपतं, पण ऑम्लेटच्या गाडीवर मागाल तेवढं मिळतं.