व्हेनिसमध्ये मधल्या दराचं हॉटेल: आधी दार बघा, मग खोली

हॉटेल निवडताना आपण खोलीचे फोटो, तारे आणि आधीच्या पाहुण्यांनी दिलेले गुण बघतो. बहुतेक शहरांत तेवढ्यावर भागतं. व्हेनिसमध्ये भागत नाही, कारण इथे हॉटेलच्या दाराशी गाडी येत नाही. जुन्या शहरात सायकलीलाही बंदी आहे. बस पियात्साले रोमाला संपते, रेल्वे सान्ता लुचिया स्टेशनात संपते आणि त्यापुढे बोटीनं किंवा पायी जायचं. वाटेत पूल. साऱ्या शहरात ते 400 हून जास्त आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या आहेत. म्हणून खोली पसंत करण्याआधी त्या खोलीपर्यंतची वाट पसंत करावी लागते.

पूल मोजायची रीत

नकाशावर हॉटेलच्या दाराची खूण शोधा. मग त्याच्या जवळचा व्हापोरेत्तोचा धक्का शोधा. व्हापोरेत्तो म्हणजे इथली सार्वजनिक बोट, आपल्याकडच्या सिटी बससारखी. धक्क्यापासून दारापर्यंत बोटानं वाट काढत जा आणि निळी रेघ, म्हणजे कालवा, किती वेळा ओलांडावी लागते ते मोजा. प्रत्येक रेघ म्हणजे एक पूल, आणि लहान पुलालाही चढून-उतरून वीस-तीस पायऱ्या धरून चाला.

पायऱ्या उथळ असतात आणि त्यांच्या कडा पांढऱ्या दगडाच्या. पावसात त्या गुळगुळीत होतात. बॅग चाकांवर ओढत चढवली की चाक प्रत्येक कडेवर आपटतं, आणि मोठ्या बॅगेचं चाक नेमकं असंच निखळतं. बॅग उचलूनच न्यावी लागते. त्यामुळे हिशेब सोपा आहे: दहा-बारा किलोची बॅग असेल तर तीन पूल चालतील, विमानाची 23 किलोची बॅग असेल तर एकच, आणि सोबत आजी-आजोबा किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर एकही नको. ‘धक्क्यापासून 300 मीटर’ एवढं वाचून समाधान मानू नका. त्या 300 मीटरमध्ये तीन पूल बसू शकतात.

ग्रँड कॅनॉल या शहरातल्या मुख्य कालव्यावर तर सगळे मिळून चारच पूल आहेत: कोन्स्तितुत्सिओने, स्काल्त्सी, रियाल्तो आणि आकादेमिया. हॉटेल समोरच्या काठावर दिसत असलं तरी पायी पोचायला अर्धा तास लागू शकतो.

पत्ता कसा वाचायचा

शहराचे सहा भाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सान्ता क्रोचे. घरांना क्रमांक गल्लीनुसार नसतात, अख्ख्या भागाला मिळून एकच मालिका असते. कास्तेल्लोत ती साडेसहा हजारांच्या पुढे जाते. ‘दोर्सोदुरो 1200’ आणि ‘सान मार्को 1200’ ही दोन वेगळी घरं, ग्रँड कॅनॉलच्या दोन काठांवर. नुसता क्रमांक कागदावर लिहून घेतला तर त्याचा उपयोग शून्य. भाग, क्रमांक, गल्लीचं नाव आणि जवळचा धक्का, चारही हवेत.

गल्लीचं नाव भिंतीवर रंगवलेलं सापडतं: पांढरा चौकोन, काळी किनार, काळी अक्षरं. ‘काल्ले’ म्हणजे बोळ, ‘फोंदामेन्ता’ म्हणजे कालव्याकाठची वाट, ‘काम्पो’ म्हणजे चौक, ‘सोत्तोपोर्तेगो’ म्हणजे घराखालून जाणारा ठेंगणा बोगदा. ‘कोर्ते’ बहुधा पुढे बंद असते, तिथून परत फिरायचं. एकाच नावाचे बोळ अनेक भागांत आहेत. अरुंद बोळांत फोनची खूण भरकटते, म्हणून हॉटेलकडून आधीच वाटेचं वर्णन मागवा आणि वाटेतल्या वळणांचे फोटो मिळाले तर तेही फोनमध्ये ठेवा.

कुठल्या भागात राहावं

पहिल्या खेपेला आम्ही कान्नारेजो सुचवू. कारण भूगोलातच आहे: स्टेशन याच भागात आहे. बाहेर पडून डावीकडे वळलं की ग्रँड कॅनॉल ओलांडावाच लागत नाही. सुरुवातीचा रस्ता दुकानांनी आणि गर्दीनं भरलेला आहे, पण आत एक-दोन वळणं घेतली की कपडे वाळत घातलेल्या, रोजच्या वापरातल्या गल्ल्या लागतात. 1516 मध्ये ज्यूंना जिथे वसवलं गेलं तो गेत्तो इथेच आहे. ‘घेट्टो’ हा शब्द तिथूनच जगभर गेला. मिझेरिकोर्दियाच्या फोंदामेन्तावर मात्र रात्री उशिरापर्यंत बार चालू असतात. झोप हलकी असेल तर त्या काठावरची खिडकी टाळा.

दोर्सोदुरो सुंदर आहे, झात्तेरेचा काठ मोकळा आणि उन्हाचा. पण काम्पो सान्ता मार्गेरिता हा विद्यार्थ्यांचा अड्डा, तिथे मध्यरात्रीपर्यंत आवाज. सान्ता क्रोचेचा पियात्साले रोमाजवळचा भाग दिसायला साधा असला तरी पहाटेचं विमान गाठायचं असेल तर सोयीचा. कास्तेल्लोचं पूर्वेकडचं टोक, व्हिया गारिबाल्दीच्या आसपास, शांत आणि तुलनेनं स्वस्त. स्टेशनपासून मात्र लांब. सान मार्कोत त्याच दर्जाच्या खोलीला जास्त पैसे पडतात आणि दिवसभर दाराबाहेर गर्दी असते. जुदेक्का आणि लिदो बेटांवर राहायला हरकत नाही, फक्त प्रत्येक येण्या-जाण्याला बोट लागते हे धरून चला.

मेस्त्रेचा मोह बहुतेकांना होतो. मुख्य भूमीवरच्या या उपनगरातून रेल्वेनं दहा-बारा मिनिटांत व्हेनिस येतं, तिकीट दीड युरोच्या आसपास, आणि खोलीमागे रात्रीचे चाळीस-पन्नास युरो सहज वाचतात. हिशेब खरा आहे, पण अपुरा. सहलीचे लोंढे सकाळी दहाच्या सुमारास येतात आणि संध्याकाळी परततात. व्हेनिस व्हेनिस असतं ते सकाळी सातला आणि रात्री नवानंतर, तेव्हा पाण्याचा आवाज ऐकू येतो. मेस्त्रेत राहून नेमके तेच तास हातचे जातात. चार रात्रींचे पैसे नसतील तर मेस्त्रेत चार काढण्यापेक्षा व्हेनिसमध्ये दोनच काढा.

कधी जावं, आरक्षण कसं करावं

मध्यम हॉटेल म्हणजे इथे तीन तारे, किंवा घरगुती छोटं गेस्टहाउस. गर्दीच्या महिन्यांत दोघांच्या खोलीला साधारण 130 ते 250 युरो धरा. फेब्रुवारीतला कार्निव्हल, ईस्टर, जुलैच्या तिसऱ्या शनिवार-रविवारचा रेदेन्तोरेचा सण, ऑगस्टअखेर सुरू होणारा चित्रपट महोत्सव आणि बिएन्नाले या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या उद्‌घाटनाचे दिवस, या काळात दर उसळतात. ख्रिसमसपूर्वीचा नोव्हेंबर-डिसेंबर आणि 6 जानेवारीनंतर कार्निव्हलपर्यंतचे आठवडे सर्वांत स्वस्त. थंडी आणि धुकं असतं, पण आपल्याकडच्या माणसाला जाड कोट पुरतो.

इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावा लागतो. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा लागतो. म्हणून आरक्षण मोफत रद्द करता येईल असंच करा, आणि रद्द करायची शेवटची तारीख व्हिसा हातात येण्याच्या अपेक्षित तारखेनंतरची हवी. ‘परतावा नाही’ असा दर दहा-पंधरा टक्क्यांनी स्वस्त दिसला तरी व्हिसा येईपर्यंत तिकडे बघू नका. सगळ्या प्रवाशांची नावं पासपोर्टप्रमाणे आरक्षणावर असू द्या. एकाच माणसाच्या नावावर खोली घेतली तर बाकीच्यांच्या अर्जात अडचण येते.

गेस्टहाउस किंवा फ्लॅट घेत असाल तर जाहिरातीत राष्ट्रीय ओळख क्रमांक, म्हणजे ‘सीआयएन’, आहे का ते बघा. 1 जानेवारी 2025 पासून तो दाखवणं बंधनकारक आहे. क्रमांक नसेल तर पैसे पाठवू नका.

खोलीच्या वर्णनातली गोम

इथली हॉटेलं बहुतेक जुन्या वाड्यांत आहेत. वारसा म्हणून जपलेल्या इमारतीत लिफ्ट बसवायची परवानगी सहज मिळत नाही, त्यामुळे तीन ताऱ्यांच्या हॉटेलातही तीन जिने चढावे लागतात. इटलीत पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा मजला, आपल्यासारखाच. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे जोडप्याचा पलंग, पण कित्येकदा ते दोन एकेरी पलंग जोडून केलेले असतात. ‘देपांदांस’ (dépendance) हा शब्द दिसला तर थांबा: तुमची खोली मुख्य इमारतीत नसून दुसऱ्याच बोळात आहे, तिथे रिसेप्शन नाही, आणि न्याहारीला पूल ओलांडून यावं लागेल.

‘कालव्याचं दृश्य’ म्हणजे ग्रँड कॅनॉल असं समजू नका. बहुधा मागचा ‘रिओ’, म्हणजे छोटा कालवा असतो, आणि तोही देखणा असतो. पण माल आणि कचरा दोन्ही बोटींनीच जातात, आणि सकाळी सातच्या आत त्यांची ये-जा सुरू होते. खालच्या मजल्यावर इंजिनाची धडधड थेट उशाशी येते. उन्हाळ्यात ओहोटीला वासही येतो आणि डासही. दुसऱ्या मजल्यावरची, आतल्या अंगणाकडे उघडणारी खोली कमी दिमाखदार पण झोपेची.

आरक्षणानंतर लगेच हॉटेलला पत्र टाका आणि एवढंच विचारा:

1. लिफ्ट आहे का, आणि ती माझ्या खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का?
2. खोली मुख्य इमारतीतच आहे का?
3. खिडकी कुठे उघडते? डासांची जाळी आहे का?
4. जवळचा धक्का कोणता आणि तिथून किती पूल?
5. रिसेप्शन रात्री किती वाजता बंद होतं? उशिरा आल्यास किल्ली कशी मिळेल?
6. एसी आणि हीटर त्या तारखांना चालू असतील का?

शेवटचा प्रश्न उगाच नाही. हीटर साधारण 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल या काळातच चालवायची मुभा असते, आणि एप्रिलअखेरची व्हेनिसची रात्र आपल्याला गार लागते. उत्तर मिळालं की ते जपून ठेवा. गैरसमज झाला तर काउंटरवर तेच कामी येतं.

वरचे खर्च

मुक्काम कर खोलीच्या दरात सहसा धरलेला नसतो; तो हॉटेलात वेगळा द्यावा लागतो. माणशी, दर रात्री, पहिल्या 5 रात्रींपर्यंत. दर हॉटेलच्या दर्जावर आणि हंगामावर ठरतो. 10 वर्षांखालच्या मुलांना माफी आहे. तीन ताऱ्यांना माणशी साडेतीन युरो धरले तर दोघांच्या चार रात्रींचे 28 युरो झाले.

याशिवाय 2024 पासून ठरावीक दिवशी शहरात शिरायचं शुल्क लागतं. 2025 मध्ये एप्रिल ते जुलैमधले 54 दिवस होते, शुल्क 5 युरो, उशिरा भरल्यास 10. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, मेस्त्रेत राहिलात तरी. पण माफीची नोंद पालिकेच्या संकेतस्थळावर करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. हॉटेल त्यात मदत करतं, विचारा.

पोचायचा दिवस

मार्को पोलो विमानतळावरून पियात्साले रोमाला बस येते. आलिलागुना नावाच्या बोटी थेट शहरातल्या धक्क्यांवर सोडतात. वेळ जास्त लागतो, पण हॉटेल त्यांच्या धक्क्याजवळ असेल तर बॅग उचलायचे श्रम वाचतात. व्हापोरेत्तोचा पास आलिलागुनावर चालत नाही, साध्या पासवर विमानतळाची बसही येत नाही.

व्हापोरेत्तोचं एक तिकीट 75 मिनिटांचं, 9.50 युरो. 24 तासांचा पास 25 युरो आणि 72 तासांचा 45. म्हणजे दिवसात तीन फेऱ्या झाल्या की पास परवडतो. वय 6 ते 29 असेल तर 6 युरोंचं ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड घेऊन 72 तासांचा पास 27 युरोंत मिळतो. दर बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. पास दर वेळी चढण्याआधी मशीनला टेकवायचा. विसरलात तर दंड. 1 नंबरची बोट ग्रँड कॅनॉलचे जवळजवळ सगळे धक्के घेत जाते, 2 नंबरची मोजकेच घेते. एकाच धक्क्यावर दोन दिशांच्या बोटी येतात, पाटी वाचून मगच चढा.

ऑक्टोबर ते जानेवारीत गेलात तर भरतीचा अंदाज रोज बघा. कोकणात भरती-ओहोटीची वेळ बघून होडी काढतात तितक्याच सवयीनं. 12 नोव्हेंबर 2019 ला पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. ऑक्टोबर 2020 पासून खाजण समुद्राला मिळतं तिथे भरती अडवणारे ‘मोझे’ प्रकल्पाचे दरवाजे उभे राहतात, पण ते साधारण 110 सेंटिमीटरच्या अंदाजाला. सान मार्को चौक त्याच्या बऱ्याच आधी ओला होतो. त्या दिवसांत तळमजल्यावरची खोली घेऊ नका, आणि रबरी बूट घरून नेण्यापेक्षा तिथेच घ्या.

न्याहारी गोड असते: कॉफी आणि क्रोसांसारखा कोर्नेत्तो. अंडं चालत नसेल तर आधी सांगा, पावात-केकमध्ये ते असतं. खोलीत किटली बहुधा नसते. सकाळच्या चहाशिवाय चालत नसेल तर छोटी किटली आणि इटलीचा प्लग बॅगेत टाका.

निघायच्या दिवशी बॅगा रिसेप्शनवर ठेवता येतात. मात्र परत येऊन त्या घ्यायला लागणारा वेळ धरून ठेवा: धक्क्यावर बोटीची वाट, भरलेली बोट सोडावी लागली तर पुढची, आणि वाटेतले पूल. रेल्वेच्या वेळेआधी हॉटेलच्या दारातून दीड तास, विमानाच्या वेळेआधी चार तास.