कलिंगडाच्या आधी मका: कीड-रोगांसाठी हंगामपूर्व तयारी

उन्हाळी कलिंगडाची लागवड जानेवारीच्या मध्यास धरली असेल, तर तयारी डिसेंबरातच सुरू करावी लागते, आणि पहिले काम मक्याचे असते. शेताच्या चारही बाजूंना मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी लागवडीच्या किमान तीन आठवडे आधी, थंडी अधिक असल्यास महिनाभर आधी पेराव्यात. मागील हंगामात नेमके हेच राहून गेले होते, म्हणून ते प्रथम लिहीत आहे. लागवडीच्या दिवशी पेरलेला मका उपयोगाचा नाही, कारण रोपे कोवळी असतानाच फुलकिडे, मावा आणि पांढरी माशी शेजारच्या शेतांतून येतात, आणि त्या वेळी आडोसा उभा असला पाहिजे.

मागील तीन वर्षांत वेलवर्गीय पीक न घेतलेली जमीन निवडावी. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळणे, गादीवाफे व ठिबक ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. वाफ्यावर अंथरायच्या मल्चिंग पेपरची (प्लास्टिकच्या आच्छादनाची) रुपेरी बाजू वर ठेवावी, कारण परावर्तित प्रकाशामुळे मावा व फुलकिडे कमी उतरतात. हे सारे चालू असताना मका उगवला आहे ना, हे बांधावर जाऊन पाहावे. विरळ उगवला असल्यास लगेच नांगे भरावेत, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकावे.

रोपवाटिकेतून रोपे घेताना पानांची खालची बाजू तपासल्याशिवाय ट्रे उचलू नयेत. शेंडामर हा विषाणूजन्य रोग फुलकिडे पसरवतात: पिल्लावस्थेत ते विषाणू घेतात आणि प्रौढ झाल्यावर आयुष्यभर पसरवत राहतात. त्यावर औषध नाही, हे ठामपणे लक्षात ठेवावे. रोगट वेल दिसताक्षणी उपटून नष्ट करावा. चार दिवस वाट पाहण्यात काहीही हाशील नाही. क्रॉप कव्हर (रोपांवर घालायचे पातळ कापडी आच्छादन) लागवडीच्या दिवशीच घालावे आणि मादी फुले दिसू लागताच काढावे, अन्यथा मधमाश्यांना फुलांपर्यंत पोहोचता येत नाही व फळधारणा होत नाही. कव्हर निघाल्यावर मक्याचाच आडोसा उरतो, तेव्हा चाऱ्यासाठी तो मध्येच कापू नये.

फुलोऱ्यात फवारणी सायंकाळी उशिरा, मधमाश्या परतल्यावरच करावी. फळमाशीसाठी सापळे फळधारणेपूर्वी लावावेत आणि त्यांत क्यू-ल्युर (वेलवर्गीय पिकांच्या फळमाशीच्या नरांना ओढणारे गंधद्रव्य) आहे याची खात्री करावी. आंब्याच्या फळमाशीसाठी वापरले जाणारे मिथाइल युजेनॉल वेलवर्गीय पिकांच्या माशीला आकर्षित करत नाही. भुरी या रोगात पानांवर पांढरी पावडर दिसते, तर केवडा या रोगात शिरांमध्ये कोनाकृती पिवळे ठिपके पडतात. दोन्हींची औषधे वेगळी आहेत. भुरीसाठीचे गंधक कडक उन्हात फवारू नये, पाने करपतात.

काढणीपूर्वी औषधाच्या लेबलवरील प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) पाळावा. किडकी फळे बांधावर न टाकता खोल पुरावीत.