काम करताना कानात काय वाजावं?

शब्दांचं काम करत असाल, तर कानात शब्द नकोत. बाकी सगळ्यात तडजोड चालते, यात नाही. मी मुद्रितशोधन करते. ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेला अनुस्वार, चुकीच्या जागी बसलेला स्वल्पविराम हे सापडायचं तर वाक्य मनातल्या मनात उच्चारावंच लागतं. तेव्हा कानात कुणी गात असेल, तर दोन वाक्यं एकाच दारातून आत घुसू पाहतात.

'परभाषेतलं गाणं चालतं, कळतंय कुठे?' असं बरेच जण म्हणतात. पण १९७६ सालच्या एका प्रयोगात नेमकं हेच तपासलं होतं. अक्षरं पाहून ती क्रमाने आठवायची होती आणि कानावर न समजणारी जर्मन भाषा पडत होती. तरीही चुका वाढल्याच.

मग नुसतं वाद्यसंगीत लावावं का? लावा, पण जरा पारखून. ओळखीच्या गाण्याची धून बासरीवर आली की शब्द आपलं डोकंच पुरवतं. ध्रुवपदाशी तर ओठही हलतात. सतारीची द्रुत गतही मला चालत नाही. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं) सुरू झाली की डोळे ओळीवर आणि मन समेवर. सम येईपर्यंत दोन ओळी नजरेखालून गेलेल्या असतात, पण वाचलेल्या नसतात. म्हणून मी आलाप-जोड, म्हणजे तबल्याआधीचा भाग, ठेवते आणि तबला आत आला की पुढची फाइल लावते. (कलाकारावर हा अन्यायच आहे, पण ऐकायची वेळ वेगळी आणि कामाची वेगळी.) मैफलीचं ध्वनिमुद्रण तर नकोच. मध्येच टाळ्या, मध्येच 'वाहवा'! स्टुडिओतलं घ्या. पियानो असो, सरोद असो की संगणकावर केलेलं काही, एकाएकी बदलणारा आवाज लक्ष ओढतो आणि सारखा वाहणारा मागे राहतो, एवढं पाहून निवडा.

आकडे भरणं, फायलींना नावं देणं, जुने फोटो छाटणं अशा हातापुरत्या कामांना हे सोवळं नको. तिथे खरा शत्रू कंटाळा असतो, खुशाल गाणी लावा. बीबीसीने १९४० साली कारखान्यांतल्या कामगारांसाठी रेडिओवर संगीताचा खास कार्यक्रम सुरू केला, तो त्यासाठीच. तिथेही टाळ्यांचा ठेका असलेलं एक गाणं वगळावं लागलं. कामगार हातातलं काम सोडून ठेका धरतील, ही भीती!

मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते, हे डोक्यातून काढा. १९९३ च्या त्या गाजलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं संगीत ऐकलं ते चाचणीच्या आधी, चाचणी सोडवताना नव्हे. आकृत्यांच्या कोड्यांत थोडा फायदा दिसला आणि तो पाव तासात ओसरला. नंतरच्या अभ्यासांत त्याचं श्रेय मुख्यतः प्रसन्न, तरतरीत मनाला दिलं गेलं. यातून घेण्यासारखं एकच: आवडतं गाणं कामाला बसण्याआधी मनसोक्त ऐका, मग बंद करा.

शेजारी कुणी बोलत असेल, तर आवाज गाळणारे हेडफोन पुरत नाहीत. पंख्याची, इंजिनाची एकसुरी घरघर ते छान दाबतात, माणसाचं बोलणं तेवढं नाही. त्यावर संततधार पावसाचा आवाज किंवा ब्राउन नॉइज (धबधब्यासारखा घुमणारा एकसारखा आवाज) लावा. रेडिओच्या खरखरीसारख्या व्हाइट नॉइजपेक्षा तो खर्जातला असतो, त्याची सुई कानात टोचत नाही. आवाज मात्र बेताचाच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलसाठी आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते आणि दिवसभर हेडफोन लावणाऱ्याचे ४० तास कधी भरतात ते कळतही नाही.

यादी आदल्या दिवशीच लावून ठेवा, कारण कामाच्या वेळी गाणं शोधणं म्हणजे काम टाळणं. आपोआप पुढचं वाजवण्याची सोय बंद करा आणि जाहिराती येणार नाहीत असं बघा, जाहिरात म्हणजे बोलणंच. माझी यादी तासाभरात संपते. आवाज थांबला की मी उठते.

निवड जमली का, हे पाहायला एक पान काम करा आणि आत्ता काय वाजलं ते आठवून पाहा. सगळं धडाधड सांगता आलं, तर यादी बदला. अवघड मजकूर पहिल्यांदा वाचताना मात्र मी काहीच लावत नाही. तेव्हा कानावर हेडफोन असतो, तो फक्त कुणी हाक मारू नये म्हणून.