द्रव्य ओढणाऱ्या श्वेत बटूची स्पंदने कशी ओळखावीत

सोबती ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणाऱ्या श्वेत बटूच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याच्या, प्रकाशात स्पंदनांबरोबरच (ताऱ्याच्या कंपनांमुळे तेजात ठरावीक काळाने होणाऱ्या चढउतारांबरोबरच) त्याच्याभोवती फिरणाऱ्या द्रव्याच्या तबकडीची लुकलुक आणि कक्षेतील भ्रमणामुळे होणारा बदलही मिसळलेला असतो. त्यामुळे तेजाच्या चढउतारांच्या वारंवारता-आलेखातील प्रत्येक शिखराला स्पंदन मानू नये. सुरुवातीला तूळ राशीतील जीडब्ल्यू लिब्रे हा तारा निवडावा, कारण अशा ताऱ्याची स्पंदने १९९८ मध्ये सर्वप्रथम याच्यात आढळली. त्यांचे आवर्तनकाळ सुमारे ६४८, ३७६ आणि २३६ सेकंद होते.

शांत अवस्थेत हा तारा १७व्या प्रतीच्या आसपास, म्हणजे अतिशय मंद असतो, म्हणून किमान एक मीटरची, शक्यतो त्याहून मोठी दुर्बीण हवी. आपल्याकडे मे महिन्यात तो मध्यरात्री दक्षिणेकडे चांगला वर येतो. प्रत्येक प्रतिमेला २० ते ३० सेकंदांचा उद्भासन-काळ (एक्स्पोजर) द्यावा आणि त्याच चौकटीतील स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करावी. वेळ जीपीएसवरून घेऊन ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवावी, कारण पृथ्वीच्या परिभ्रमणाने वर्षभरात प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर वा उशिरा पोहोचतो आणि हा फरक स्पंदनाच्या एका आवर्तनाहूनही मोठा ठरू शकतो.

खरी कसोटी फूरिये विश्लेषणात, म्हणजे तेजाच्या नोंदीतून वेगवेगळ्या वारंवारता वेगळ्या काढताना, लागते. कक्षीय काळ ७६.८ मिनिटांचा असल्याने त्याच्या वारंवारतेचा सातवा गुणित ६५८ सेकंदांवर, म्हणजे ६४८ सेकंदांच्या स्पंदनापासून अवघ्या २४ मायक्रोहर्ट्झवर येतो. सहा तासांच्या एका रात्रीत मात्र सुमारे ४६ मायक्रोहर्ट्झहून जवळची शिखरे वेगळी होत नाहीत. म्हणून लागोपाठच्या अनेक रात्री वेध घ्यावेत, शक्य तर दूरच्या रेखांशावरील वेधशाळेची साथ घ्यावी; नाहीतर दिवसाच्या खंडामुळे ११.६ मायक्रोहर्ट्झच्या अंतराने खोटी शिखरे उमटतात. लुकलुकीचा गोंगाट कमी वारंवारतेकडे वाढत जातो, तेव्हा शिखराची उंची त्याच्या लगतच्या गोंगाटाशीच ताडून पाहावी. गोंगाटाच्या चौपट उंची हा प्रचलित निकष असला, तरी तेच शिखर वेगवेगळ्या रात्री पुन्हा दिसणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

अतिनील निरीक्षणे मिळाली तर ती जरूर वापरावीत. तेथे तापलेल्या श्वेत बटूचा वाटा मोठा असल्याने स्पंदनांमुळे तेजात होणारा चढउतार दृश्य प्रकाशातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त दिसतो, हे हबल दुर्बिणीने दाखवले आहे.

ताऱ्याचा अलीकडचा इतिहासही तपासावा. २००७ च्या उद्रेकानंतर, म्हणजे द्रव्य एकदम कोसळून तारा अचानक उजळल्यानंतर, जीडब्ल्यू लिब्रेची जुनी स्पंदने लोपली, कारण पडणाऱ्या द्रव्याने श्वेत बटू तापला होता. अशा वेळी पुढील काही वर्षे तापमान आणि आवर्तनकाळ एकत्रच नोंदवावेत.