बर्गंडीची पांढरी वाइन पिताना या चुका टाळा

"एवढी महाग बाटली, पण त्यात विशेष काय ते कळलंच नाही." फ्रान्सच्या पूर्वेकडच्या बर्गंडी प्रदेशातल्या पांढऱ्या वाइनबद्दल ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाटली फ्रिजमधून काढल्यावर किती वेळाने प्यायलात? उत्तर बहुतेक वेळा "लगेच" असं येतं. दोष वाइनमध्ये क्वचितच असतो. तो असतो घाईत.

ही वाइन समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी पक्की करा. उत्तरेला शाब्लीपासून दक्षिणेला माकोंपर्यंत बर्गंडीची जवळपास सगळी नामांकित पांढरी वाइन शार्दोने या एकाच द्राक्षाची असते. थोडं आलिगोते आहे, शाब्लीशेजारच्या सँ-ब्रीमध्ये सोव्हिन्यों ब्लांही आहे, पण मुख्य खेळ शार्दोनेचाच. द्राक्ष एकच असूनही दोन गावांच्या वाइन इतक्या वेगळ्या लागतात, ते माती, उतार, ऊन आणि बनवणाऱ्याच्या हातामुळे. तो फरक चाखण्यासाठीच आपण जास्तीचे पैसे मोजतो. म्हणून तो फरक झाकणारी प्रत्येक सवय मला खटकते.

बर्फगार वाइन

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. आपल्या घरातला फ्रिज 4 अंशांच्या आसपास असतो. शाब्ली 9–10 अंशांना बोलायला लागते, मेर्सो किंवा प्युलिनी या गावांची भारदस्त वाइन 12–13 अंशांना. 4 अंशांवर वास जवळजवळ बंद होतो आणि जिभेवर फक्त आंबटपणा उरतो.

पुण्यातल्या एका स्नेह्यांकडची गोष्ट सांगतो. त्यांची मुलगी फ्रान्सहून येताना मेर्सोची बाटली घेऊन आली होती, तीही चांगल्या उत्पादकाची. पाहुणे संध्याकाळी येणार, म्हणून काकांनी ती दुपारीच फ्रीझरमध्ये ठेवली. बाहेर काढली तेव्हा बाटलीवर दहिवर साचलेलं, लेबल ओलं होऊन सुटायला आलेलं. छोटे ग्लास काठोकाठ भरले गेले. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी "लिंबूपाणी" म्हणालं. एकाने वर बर्फाचे दोन खडे टाकले. दहा मिनिटांत मंडळी व्हिस्कीकडे वळली आणि मुलीचा चेहरा उतरला.

मी माझा ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला आणि गप्पा मारत बसलो. पाऊण तासाने नाकाशी नेला. आधी भाजलेल्या बदामाचा वास आला, मग लोण्याचा, मग पिकलेल्या नासपतीचा. घोट घेतल्यावर चव जिभेवर बराच वेळ रेंगाळली. मी तो ग्लास मुलीच्या हातात दिला, तिने वडिलांकडे नेला. काकांनी वास घेतला आणि विचारलं, "ही दुसरी बाटली उघडली का?" बाटली तीच होती. तोवर तिच्यात जेमतेम दोन बोटं वाइन उरली होती.

माझी सवय अशी: शाब्ली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवतो, मेर्सो अर्धा तास ते चाळीस मिनिटं. एप्रिल-मे महिन्यात यातला निम्मा वेळ पुरतो. थर्मामीटर वापरत नाही. बाटलीला हात लावल्यावर गारवा सुखद वाटला पाहिजे, बोटं बधिर होता कामा नयेत. उलट बाटली कोमट असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवतो. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, कारण खड्यांच्या मध्ये हवा राहते. फ्रीझरला मात्र माझ्याकडे कायमची बंदी आहे. पाहुणे दारात उभे असतानाही.

ग्लास एक तृतीयांशच भरा. वर वास साठायला जागा लागते.

नाव ओळखीचं वाटलं म्हणून घेतली

हा माझा दुसरा आवडता रागाचा विषय. दुकानात लेबलवर "मोंराशे" दिसलं की लोकांचे डोळे चमकतात. जगातल्या सर्वोत्तम पांढऱ्या वाइनमध्ये मोंराशेचं नाव घेतलं जातं, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण मोंराशे हे एका मळ्याचं नाव आहे. तो मळा जेमतेम 8 हेक्टर, म्हणजे साधारण 20 एकरांचा, आणि त्याचा काही भाग प्युलिनी गावात, काही शासान्य गावात. 1879 साली दोन्ही गावांनी या प्रसिद्ध मळ्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं आणि प्युलिनी-मोंराशे, शासान्य-मोंराशे अशी जोडनावं तयार झाली. त्यामुळे लेबलवर फक्त "प्युलिनी-मोंराशे" असेल तर ती गावाची वाइन आहे. बहुधा उताराखालच्या सपाट जमिनीतली. ती उत्तम असू शकते, आणि मला स्वतःला गावपातळीची प्युलिनी मनापासून आवडते. पण ती मोंराशे नव्हे, आणि दुकानदाराने मोंराशेच्या थाटात विकली तर तुम्हाला ते कळलं पाहिजे.

पायऱ्या चार आहेत. तळाशी नुसतं "बुर्गोन्य" लिहिलेली प्रदेशाची वाइन. त्यावर गावाची. त्यावर प्रमिए क्र्यू, तिथे गावाच्या नावासोबत बहुतेक वेळा मळ्याचंही नाव असतं: मेर्सो पेरिएर, मेर्सो जनव्हरिएर, मेर्सो शार्म. सगळ्यात वर ग्रां क्र्यू. कोत द बोनमध्ये, म्हणजे बोन शहराजवळच्या ज्या पट्ट्यात मेर्सो आणि प्युलिनी येतात तिथे, या पायरीच्या लेबलवर गावाचं नाव येतच नाही, मळा एकटा उभा राहतो: मोंराशे, शव्हालिए-मोंराशे, कोर्तों-शार्लमान्य. शाब्लीत मात्र "शाब्ली ग्रां क्र्यू" असं लिहून पुढे मळा देतात. बर्गंडीच्या एकूण उत्पादनात ग्रां क्र्यूचा वाटा एखाद्या टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे भाव आभाळाला भिडतात. आणि मेर्सो एवढं गाजलेलं गाव, पण तिथल्या पांढऱ्या वाइनसाठी एकही ग्रां क्र्यू मळा नाही. म्हणून कुणी "मेर्सो ग्रां क्र्यू" म्हणून काही विकत असेल तर सरळ पुढे चला.

अशीच दुसरी जोडी पुई-फ्युमे आणि पुई-फ्युइसे. पहिली ल्वार नदीकाठची, सोव्हिन्यों ब्लांची. दुसरी माकोंजवळची, शार्दोनेची. एकीच्या जागी दुसरी आणून "गेल्या वेळेसारखी नाही" म्हणणारे भरपूर भेटतात.

माझा उपाय अगदी साधा आहे. दुकानात लेबल दोनदा वाचतो. आधी "आपेलासियों" आणि "कोंत्रोले" (म्हणजे नियंत्रित मूळस्थान) या दोन शब्दांच्या मधलं किंवा शेजारचं नाव शोधतो, वाइन नक्की कुठली ते तिथे कळतं. मग उत्पादकाचं नाव. एकेक मळा अनेक मालकांमध्ये वाटलेला असतो, त्यामुळे चांगल्या हाताची गावपातळीची वाइन आळशी हाताच्या प्रमिए क्र्यूपेक्षा सरस निघते. नवशिक्यांना थेट ग्रां क्र्यूवर उडी मारायची असते. मला ते अजिबात पटत नाही. आधी एकाच उत्पादकाची प्ती शाब्ली (शाब्लीतली सगळ्यात साधी पायरी), शाब्ली आणि प्रमिए क्र्यू शेजारी शेजारी ठेवून प्या. तिन्ही मिळून एका ग्रां क्र्यूपेक्षा जास्त शिकवतील.

शाब्लीत लोणी आणि लाकूड शोधणं

शाब्ली बोनपासून शंभराहून अधिक किलोमीटर वायव्येला आहे. हवा थंड, वसंतात कळ्या फुटल्यावर हिमाची टांगती तलवार. एप्रिल 2021 मध्ये हिमाने तिथलं बरंच पीक नेलं. तिथली किमरिजियन माती, म्हणजे चुनखडी आणि चिकणमातीचे थर, बारीक कालवांच्या जीवाश्मांनी भरलेली आहे. मळ्यातला दगड उचलला तर त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे शिंपले दिसतात. सरँ नदीच्या उजव्या काठावर, गावासमोर, नैर्ऋत्येला तोंड करून असलेल्या एकाच उतारावर सातही ग्रां क्र्यू मळे आहेत: ले क्लो, व्होदेझीर, वाल्म्यूर, ब्लांशो, बुग्रो, प्रझ आणि ग्रनुई. बहुतेक साधी शाब्ली स्टीलच्या टाकीत बनते, तिला लाकडाचा स्पर्शही नसतो. तिच्यात हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओल्या दगडासारखा वास आणि शेवटी किंचित खारटपणा शोधायचा.

"आंबट आहे" म्हणून ग्लास बाजूला सारणाऱ्यांची जीभ बऱ्याचदा नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनवर तयार झालेली असते. त्यातल्या अनेकींमध्ये किंचित गोडवा ठेवलेला असतो. त्या वाइनना मी नावं ठेवत नाही, पण शाब्लीकडून तो गोडवा मागू नका. लोणी, भाजका सुकामेवा हवा असेल तर मेर्सो घ्या. तिथे 228 लिटरच्या ओकच्या पिंपात आंबवण्याची रीत आहे.

तिखटाबरोबर

मद्यामुळे मिरचीचा जाळ वाढतो आणि मिरची वाइनचा वास मारते. दोघांचंही नुकसान. कोल्हापुरी रस्सा असेल त्या दिवशी ही बाटली उघडू नका. शाब्लीसोबत कालवं, लिंबू पिळलेला साधा तळलेला बोंबील किंवा मीठ-हळदीचं पापलेट. मेर्सोसोबत नारळाच्या दुधातली सौम्य कोलंबी मला फार आवडते. कोंते हे फ्रेंच चीज मिळालं तर मग काहीच नको.

तळाशी काचेचे कण

काच नाही. वाइनमधल्याच टार्टारिक आम्लापासून बनलेले स्फटिक आहेत, थंडीने खाली बसलेले. निरुपद्रवी. ओतताना शेवटचा घोट बाटलीत राहू द्या. या "काचे"पायी एका गृहस्थांनी प्रमिए क्र्यू सिंकमध्ये ओतल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हात धरेपर्यंत अर्धी गेली होती.

खास प्रसंगासाठी वर्षानुवर्षं जपून ठेवणं

ओट्यावरच्या फळीवर, गॅसच्या उष्णतेत, मे महिन्यात. अशी ठेवलेली वाइन शिजते. वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर साठवू नका. विकत घ्या आणि काही महिन्यांत प्या. दुकान निवडतानाही वातानुकूलित बघा, उन्हाच्या काचेत उभी केलेली बाटली घेऊ नका.

शिवाय बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनला स्वतःचंही एक दुखणं आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक बाटल्या वेळेआधीच ऑक्सिडाइज झालेल्या, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने बिघडलेल्या निघाल्या. दहा-पंधरा वर्षं टिकायला हवी अशी वाइन पाच-सहा वर्षांत गडद पिवळी, कापून ठेवलेल्या सफरचंदासारख्या वासाची. बुचं, वाइन टिकवण्यासाठीचं सल्फर कमी वापरणं, द्राक्षं दाबण्याची पद्धत अशी अनेक कारणं पुढे आली, आणि पुष्कळ उत्पादकांनी बुचं बदलली. म्हणून जुनी बाटली मोठ्या भावाने घेताना रंग उजेडात धरून बघतो. तपकिरीकडे झुकला असेल तर घेत नाही, विकणारा काहीही सांगो.

उरलेली फेकणं

बूच पुन्हा लावून फ्रिजच्या आतल्या बाजूला उभी ठेवा, दारात नको, तिथे हलते. तरुण मेर्सो दुसऱ्या दिवशी पुष्कळदा पहिल्या दिवसापेक्षा मोकळी लागते. तिसऱ्या दिवशी वास घेऊन ठरवा. चौथ्या दिवशी मी ती तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) कालवणात घालतो, लसूण जरा जास्त टाकून.