जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान कसे मोजावे

एप्रिल-मे महिन्यांत सिग्नलवर पाच-दहा मिनिटे अडकून पडल्यावर जुनी गाडी पुढे निघताना ओढत नाही, आयडलिंगला थरथरते आणि सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार अनेक मालक करतात. बहुतेक वेळा लगेच कार्बोरेटर उघडला जातो, जेट बदलले जातात, टायमिंग हलवले जाते. त्याआधी इंजिन नेमकी किती गरम हवा ओढते आहे हे पाहणे स्वस्तही आहे आणि सोपेही. पुढील पद्धत मी १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची ॲम्बेसिडर डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे, पण थोड्याफार फरकाने ती कार्बोरेटरच्या कोणत्याही गाडीला लागू पडते.

ॲम्बेसिडर निवडण्याचे कारण तिच्या इंजिनाच्या रचनेत आहे. हे इंजिन मूळच्या ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या ‘बी सिरीज’चे असून त्यात हवा आत घेणारा मॅनिफोल्ड (सिलिंडरना जोडलेल्या नळ्यांचा संच) आणि जळालेला धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला असतात. त्यामुळे कार्बोरेटर आणि एअर क्लीनर तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी शेजारी येतात. थंड प्रदेशात पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून ही जवळीक उपयोगी पडते. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र तीच अडचणीची ठरते.

तापमानाने नेमका काय फरक पडतो, हे आधी आकड्यांत पाहू. दाब तोच राहिला तर हवेची घनता निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असताना इंजिन बॉनेटखालची ६० अंशांची हवा ओढत असेल, तर सिलिंडरमध्ये तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के हवा कमी जाते आणि ताकदही घटते. कार्बोरेटरला मात्र हवेचे वजन कळत नाही. व्हेंच्युरीतला, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातला, दाब जसा कमी होईल तसे तो पेट्रोल सोडतो. परिणामी हवा ९ टक्क्यांनी कमी होत असताना पेट्रोल त्याच्या साधारण निम्म्यानेच कमी होते आणि मिश्रण जवळजवळ ५ टक्क्यांनी श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलाचे, होते. पेट्रोलच्या वासामागे हेही एक कारण असू शकते. शिवाय गरम हवेमुळे इंजिन नॉक करण्याची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठकठक आवाज येण्याची, शक्यता वाढते, आणि ती चढावर लगेच ऐकू येते.

एअर क्लीनरमध्ये ५५ अंश आहेत, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, ही या मोजमापातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बाहेर ४२ असताना ५५ येणे आणि बाहेर २५ असताना ५५ येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून किमान दोन ठिकाणचे तापमान एकाच वेळी मोजावे आणि त्यांच्यातील फरकावरच निष्कर्ष काढावा. तीन ठिकाणे जमली तर उत्तम: एक, पुढच्या जाळीपाशी (रेडिएटरच्या पुढे) बाहेरची हवा; दोन, एअर क्लीनरच्या नळीचे तोंड; आणि तीन, एअर क्लीनरचा आतला भाग.

साधने

सर्वांत सोयीचे साधन म्हणजे के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) आणि ते वाचणारा मीटर. तापमान मोजण्याची सोय असलेल्या अनेक डिजिटल मल्टिमीटरबरोबर असा प्रोब मिळतो. त्याच्या टोकाला दोन तारा जोडून केलेला बारीक मणी असतो. मणी जितका लहान, तितका तो हवेतील बदल लवकर दाखवतो. दोन प्रोब एकाच वेळी वाचणारा मीटर मिळाला तर काम फार सुकर होते. दुसरा पर्याय डीएस१८बी२० या डिजिटल सेन्सरचा. उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात त्याची अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपास असते आणि एकाच तारेवर असे अनेक सेन्सर जोडता येतात. मात्र स्टीलच्या नळीत बंद केलेला हा सेन्सर हवेत हळू प्रतिसाद देतो, त्यामुळे आकडा स्थिर होण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा लागतो.

लेझरचा ठिपका दाखवणारी इन्फ्रारेड गन या कामासाठी वापरू नये. ती हवेचे तापमान मोजतच नाही. समोरच्या पृष्ठभागातून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून त्या पृष्ठभागाचे तापमान काढते. चकचकीत ॲल्युमिनियमवर तर तिचा आकडा प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी येतो.

मोजण्यापूर्वी प्रत्येक प्रोब तपासून घ्यावा. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी पेल्यात घालून ढवळावे, पाच मिनिटे थांबावे आणि प्रोब पेल्याला न टेकवता मधोमध धरावा. आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. उकळत्या पाण्यात तपासताना आपण कुठे राहतो हे विसरू नये. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, पण पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर, ते ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. पुण्यात ९८ दाखवणारा प्रोब बिघडलेला नसतो. साध्या थर्मोकपलमध्ये दोन-अडीच अंशांची चूक गृहीत असते. ती चालते, पण दोन्ही प्रोब एकाच पाण्यात बुडवल्यावर त्यांच्यात किती अंतर पडते ते लिहून ठेवावे आणि पुढे प्रत्येक वेळी दोघांच्या फरकातून वजा करावे.

प्रोब बसवणे

इंजिन पूर्ण थंड असताना काम सुरू करावे. आतला प्रोब कुठे ठेवावा याबद्दल माझे मत ठाम आहे: शक्यतो फिल्टरच्या बाहेरच्या, म्हणजे मळकट हवेच्या बाजूला. फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्बोरेटरच्या अगदी तोंडावर मोजणे अधिक अचूक वाटते खरे. पण तिथे काही सुटले तर ते थेट कार्बोरेटरमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये जाऊ शकते. फिल्टरच्या बाहेर सुटलेली वस्तू फिल्टरच अडवतो. एअर क्लीनर ऑइल बाथ (धूळ तेलात अडकवणाऱ्या) प्रकारचा असेल, तर मणी तेलात बुडणार नाही आणि तेलाचे शिंतोडे त्यावर उडणार नाहीत, अशी जागा म्हणून हवा आत घेणारी नळीच निवडावी. कार्बोरेटरच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये मात्र मोजू नये. तिथे पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, ओल्या मण्यावरचा आकडा खाली येतो आणि हवा थंड असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

मणी कोणत्याही धातूला टेकता कामा नये. तो प्रवाहाच्या मधोमध, भिंतीपासून किमान एक-दीड सेंटिमीटर दूर असावा. पहिल्या खेपेला माझा मणी झाकणाच्या पत्र्याला टेकून राहिला होता आणि संपूर्ण फेरीभर मी हवेचे नव्हे, तर पत्र्याचे तापमान लिहीत होतो. तार काडीला समांतर बांधून ती काडी नळीच्या काठाला पक्की केली, तर मणी जागेवरून हलत नाही. नळीला भोक पाडण्याची गरज नसते. बारीक तार झाकणाच्या रबरी गॅस्केटखालून बाहेर काढता येते.

बाहेरच्या हवेचा प्रोब जाळीच्या मागे, पण सावलीत राहील असा बांधावा. थेट ऊन पडल्यास तो हवेपेक्षा गरम आकडा दाखवतो.

तारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंखा, पट्टा आणि ॲक्सिलरेटरची दांडी यांच्यापासून दूर ठेवाव्यात आणि दर वीतभर अंतरावर बांधाव्यात. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून आणि सोडून तो कुठे अडत नाही याची खात्री करावी. तार बॉनेटच्या मागच्या कडेवरून काचेतून आत घ्यावी. बॉनेट पूर्ण बंद झालाच पाहिजे. लांबी कमी पडली तर के-टाइपचीच जोडतार वापरावी. साधी तांब्याची तार जोडली, तर जोडाचे आणि मीटरचे तापमान यांत जेवढा फरक असेल, जवळजवळ तेवढीच चूक आकड्यात शिरते. त्याच कारणाने मीटर उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मणी चिमटीत धरल्यावर आकडा वाढण्याऐवजी उतरत असेल, तर दोन टोके उलट जोडली गेली आहेत.

डिजिटल सेन्सर वाचणारी सर्किटची पाटी गाडीच्या बॅटरीवर चालवण्यापेक्षा पॉवर बँकेवर चालवावी. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आणि ते लक्षात न आल्यास इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळतो.

फेरी आणि नोंदी

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिन सुरू करण्याआधी सर्व प्रोब वाचावेत. ते एकमेकांच्या एक-दोन अंशांत नसतील तर पुढे जाऊ नये. आधी चूक शोधावी. नंतर गाडी वीस मिनिटे चालवून इंजिन नेहमीच्या तापमानाला आणावे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाने पाच मिनिटे जावे आणि दर मिनिटाला नोंद घ्यावी. त्यानंतर गाडी मोकळ्या हवेत उभी करून, बॉनेट बंद ठेवून, दहा मिनिटे आयडलिंगला ठेवावी. मग इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा सुरू करावे आणि चालू लागल्यावर आकडा किती वेळात उतरतो ते पाहावे. चालकाने मीटरकडे पाहू नये. वाचणारा आणि लिहिणारा माणूस शेजारी बसलेलाच हवा.

तिन्ही अवस्थांचे आकडे वेगळे येतात, ते हवेच्या प्रमाणामुळे. १४८९ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, सिलिंडर पूर्ण भरत असतील तर, मिनिटाला सुमारे २२०० लिटर हवा ओढते; आयडलिंगला त्याचा अगदी छोटा अंश. थोडी हवा तापलेल्या डब्यातून सावकाश जाते, म्हणून ती जास्त तापते. इंजिन बंद केल्यावर तर पंखाही थांबतो आणि मॅनिफोल्डची उष्णता वर चढत राहते, त्यामुळे सर्वांत मोठा आकडा बहुधा गाडी उभी असतानाच दिसतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही.

लक्ष द्यायचे ते स्थिर वेगाच्या आकड्याकडे. चालत्या गाडीत आतली हवा बाहेरच्या हवेच्या जवळ येत असेल, तर हवेची वाट ठीक आहे. पाच मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालूनही फरक २० ते २५ अंशांवर टिकून राहिला, तर इंजिन रेडिएटरमागची किंवा एक्झॉस्टजवळची हवा ओढते आहे. अशा वेळी नळीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. एक्झॉस्टवरून गरम हवा आणणारी हिवाळी नळी असेल, तर ती उन्हाळ्याच्या स्थितीत आहे का ते पाहावे. आणि एक्झॉस्टची उष्णता अडवणारा पत्र्याचा पडदा मूळच्या जागी आहे का, हेही तपासावे. जाळीपासून लवचिक नळी आणणे हा साधा उपाय आहे, पण तिचे तोंड बंपरखाली नेऊ नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना तिथून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर पिस्टनची दांडी (कनेक्टिंग रॉड) वाकू शकते.

फरक थोडाच असूनही गरम गाडी बंद पडत असेल किंवा पुन्हा सुरू होत नसेल, तर दोष हवेत शोधू नये. फ्लोट चेंबरमधले (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातले) किंवा पंपातले पेट्रोल उकळत असण्याची शक्यता अधिक; एक प्रोब फ्लोट चेंबरला बाहेरून बांधून तेच मोजावे.

दुरुस्तीनंतरची फेरी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी आणि तेवढ्याच वेगाने करावी. आधीची फेरी पनवेलला आणि नंतरची लोणावळ्याला केली, तर तुलना फसते; घाट चढून सहाशे मीटर वर गेल्यावर हवेचा दाबच सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो आणि गाडीच्या ओढीत पडलेला फरक उष्णतेचा की उंचीचा, हे कळत नाही.

काम संपल्यावर प्रोब, काडी आणि बांधलेली प्रत्येक पट्टी मोजून बाहेर काढावी, गॅस्केट जागेवर नीट बसले आहे का ते बोट फिरवून पाहावे आणि एअर क्लीनरचे झाकण पुन्हा घट्ट करावे.