मेंदूतील जोडण्या, जाणीव आणि सर्जनशीलता : शोधनिबंध वाचताना काय तपासावे

सर्जनशील माणसांच्या मेंदूत जोडण्या अधिक घट्ट असतात, बेशुद्धीत त्या सैल पडतात, झोपेच्या उंबरठ्यावर त्या नव्याने जुळतात, अशा आशयाच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात. त्यांच्यामागे बहुधा खरे आणि कष्टाने केलेले संशोधन असते. परंतु मूळ निबंधात जे मोजले आहे आणि बातमीत जे सांगितले आहे, त्यांत बरेच अंतर पडलेले असते. हे अंतर ओळखण्यासाठी संख्याशास्त्रात पारंगत असण्याची गरज नाही. जोडणी कशाने मोजली, किती जणांवर मोजली, आणि संशोधकाने मेंदूकडे नुसते पाहिले की त्यात मुद्दाम काही बदल घडवून परिणाम तपासला, एवढे शोधून काढता आले तरी निबंधाचे वजन जोखता येते. यांतला शेवटचा प्रश्न माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, आणि बातम्यांत त्याचे उत्तर जवळजवळ कधीच नसते.

वाचनाची सुरुवात सारांशापासून न करता पद्धतींच्या विभागापासून करावी. तेथे 'डिफ्युजन एमआरआय' असा उल्लेख असेल, तर संशोधकाने मेंदूची रचना, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्यांचे मार्ग, पाहिले आहेत असे समजावे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाण्याचे रेणू अधिक सहजपणे सरकतात. या सरकण्याच्या मोजमापावरून संगणक तंतूंचे मार्ग रेखाटतो. त्यातून तयार होणारी रंगीत चित्रे मोहक असतात, पण ती छायाचित्रे नव्हेत, अनुमाने आहेत. संदेश कोणत्या दिशेने जातो हे त्यांवरून कळत नाही, आणि जेथे तंतू एकमेकांना छेदतात तेथे संगणक हमखास गोंधळतो. २०१७ साली अनेक संशोधनगटांच्या पद्धती एकाच कृत्रिम, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या, मेंदू-प्रतिमेवर तपासण्यात आल्या, तेव्हा खऱ्या जुडग्यांपैकी बहुतेक सापडली, मात्र त्यांच्यासोबत अस्तित्वातच नसलेली जुडगीही मोठ्या संख्येने सापडली. प्रत्येक चेतापेशी दुसऱ्या कोणत्या पेशीशी जोडलेली आहे याचा खराखुरा आराखडा १९८६ मध्ये ३०२ चेतापेशी असलेल्या एका सूक्ष्म कृमीचा, आणि २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी असलेल्या फळमाशीच्या मेंदूचा तयार झाला. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यामुळे माणसाच्या मेंदूचा 'संपूर्ण नकाशा' हाती आल्याचे वाचले, की तो मिलिमीटरच्या मापाचा स्थूल नकाशा आहे हे मनात धरून पुढे जावे.

सर्जनशीलतेवरचे बहुतेक निबंध मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल असतात. तेथे 'फंक्शनल कनेक्टिव्हिटी' मोजलेली असते, म्हणजे मेंदूच्या दोन भागांमधील संकेत एकाच वेळी वर-खाली होतात का, एवढेच पाहिलेले असते. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की माणूस स्वस्थ पडून असतानाही हालचालींशी संबंधित डाव्या आणि उजव्या बाजूच्या भागांत एकाच लयीतील मंद चढउतार चालू असतात. पुढच्या काळातील मेंदूतल्या जाळ्यांविषयीचे, म्हणजे एका लयीत चालणाऱ्या भागांच्या समूहांविषयीचे, प्रचंड संशोधन याच निरीक्षणावर उभे राहिले. पण दोन भाग एका लयीत आहेत याचा अर्थ त्यांच्यामध्ये थेट तंतू आहेत असा होत नाही. तिसराच एखादा भाग दोघांनाही चालवत असू शकतो. दोन्ही गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा जाड पूल ज्यांच्या मेंदूत जन्मतःच तयार झालेला नव्हता, अशा व्यक्तींचा २०११ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यातही दोन्ही बाजूंच्या जाळ्यांची लय बरीचशी शाबूत असल्याचे आढळले.

शिवाय ही लय बहुधा ज्याने मोजतात ते एफएमआरआय हे यंत्र चेतापेशींचे काम प्रत्यक्ष मोजत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार ते रक्तातील प्राणवायूशी निगडित फरक टिपते, आणि हा फरक चेतापेशी सक्रिय झाल्यावर साधारण पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. कल्पना सुचण्याचा क्षण त्यात नेमका पकडला, असा दावा दिसला तर सावध व्हावे. अशा निबंधात डोक्याच्या हालचालीचा बंदोबस्त कसा केला आहे, हेही शोधावे. मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचालसुद्धा जवळच्या जोडण्या खोटेपणाने घट्ट आणि दूरच्या जोडण्या खोटेपणाने सैल दाखवते, हे २०१२ च्या सुमारास स्पष्ट झाले. एक गट दुसऱ्यापेक्षा अधिक चुळबुळ करणारा असेल, तर मेंदूतला फरक म्हणून मिरवणारी गोष्ट नुसती चुळबुळ असू शकते.

आता संख्या. मेंदूच्या प्रतिमांचा आणि माणसांच्या स्वभावाचा किंवा क्षमतेचा संबंध जोडणाऱ्या अभ्यासांविषयी २०२२ मध्ये सुमारे ५०,००० व्यक्तींच्या माहितीवर आधारित एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. असे संबंध इतके क्षीण असतात, की ते खात्रीने दिसण्यासाठी हजारो सहभागी लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासातील सहभागींची मध्यक संख्या २५ च्या आसपास आहे, असेही त्यात नोंदवले होते. याचा अर्थ लहान अभ्यास निरुपयोगी असतात असा मात्र नव्हे. एकाच व्यक्तीच्या दोन अवस्थांची, उदाहरणार्थ जागेपणाची आणि गाढ झोपेची, तुलना करायची असेल तर थोडे सहभागीही पुरतात, कारण तेथे फरकच मोठा असतो. माणसामाणसांत तुलना करायची असेल तर पुरत नाहीत. निबंधातील तुलना यांपैकी कोणती आहे हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवावे. बरेचसे वाद तेवढ्यानेच मिटतात. विश्लेषणाचा मार्ग आधीच जाहीर केला होता का, हेही पाहावे. २०२० मधील एका प्रयोगात ७० गटांना एकच माहिती आणि तीच नऊ गृहीतके दिली होती, तरी त्यांचे निष्कर्ष ठिकठिकाणी वेगळे निघाले. (एफएमआरआय यंत्रात मेलेला सामन मासा ठेवून, पुरेशी सांख्यिकीय दुरुस्ती न केल्यास त्याच्या मेंदूतही 'सक्रियता' दिसते हे क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. विनोद म्हणून ते छान आहे, पण त्यानंतर क्षेत्र बरेच सुधारले आहे. आजच्या प्रत्येक निबंधावर तो मासा फेकणे अन्यायाचे होईल.)

सर्जनशीलतेचा निबंध

येथे आधी चाचणी पाहावी आणि मग मेंदू. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनपुढील अध्यक्षीय भाषणात या विषयाकडे मानसशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्या परंपरेतून आलेली सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे एखाद्या साध्या वस्तूचे, जसे विटेचे, वेगवेगळे उपयोग सांगणे. उत्तरे किती आणि किती अनपेक्षित, यांवर गुण दिले जातात. ही चाचणी काहीतरी निश्चितच मोजते, पण कादंबरीकाराची, गणितज्ञाची किंवा संगीतकाराची सर्जनशीलता आणि विटेचे उपयोग यांचा मेळ किती बसतो, हा प्रश्न उघडा राहतो.

रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांचा २०१८ मधील निबंध सरावासाठी घ्यावा. १६३ सहभागींनी यंत्रात पडल्यापडल्या वस्तूंचे अभिनव उपयोग योजले. त्या वेळच्या जोडण्यांवरून सर्जनशीलतेच्या गुणांचे भाकीत करणारे प्रारूप तयार करण्यात आले. डिफॉल्ट मोड नेटवर्क, सेलियन्स नेटवर्क आणि एक्झिक्युटिव्ह कंट्रोल नेटवर्क या तीन जाळ्यांतील भाग त्यात पुढे आले. पहिले जाळे मन स्वतःत रमलेले असताना सक्रिय असते, तर तिसरे हेतुपूर्वक विचार करताना; दुसरे महत्त्वाच्या गोष्टींकडे लक्ष वळवते. एरवी पहिले आणि तिसरे सहसा एकमेकांच्या उलट चालतात, म्हणूनच त्यांनी येथे एकत्र येणे लक्षवेधी ठरते. या अभ्यासाची खरी ताकद अशी, की प्रारूप एका गटावर बांधून इतर स्वतंत्र गटांवर तपासले गेले. अशी पडताळणी नसलेला निबंध मी तरी निम्म्या वजनाने वाचतो. तरीही भाकिताचा आकार पाहायला विसरू नये: भाकीत आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.३ असेल, तर गुणांमधील फरकांपैकी साधारण ९ टक्क्यांचाच उलगडा होतो. शिवाय जोडण्यांमुळे सर्जनशीलता आली की वर्षानुवर्षांच्या सरावाने जोडण्या बदलल्या, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही.

'उजव्या मेंदूची माणसे' हा शब्दप्रयोग आढळला, तर तो लेख बाजूला ठेवायला हरकत नाही. २०१३ मध्ये हजाराहून अधिक व्यक्तींच्या प्रतिमा तपासूनही, काहींचा डावा तर काहींचा उजवा गोलार्ध एकंदरीने वरचढ असतो, याला आधार मिळाला नाही.

जाणिवेचा निबंध

या क्षेत्रात काही गटांनी निरीक्षणापलीकडे पाऊल टाकले आहे. मार्चेल्लो मासिमिनी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कवटीवरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा एक छोटा भाग चेतवला आणि त्याचे पडसाद ईईजीवर, म्हणजे डोक्यावरून मेंदूतील विद्युत लहरी नोंदवणाऱ्या तंत्राने, टिपले. जागेपणी पडसाद दूरवर, क्रमाक्रमाने पसरले. स्वप्नविरहित गाढ झोपेत ते जागच्या जागी विरले. मडके वाजवून पाहावे तशी ही रीत आहे, आणि म्हणूनच तिच्यातून मिळणारा पुरावा नुसत्या सहसंबंधापेक्षा भक्कम ठरतो. या पडसादांची गुंतागुंत एका अंकात मांडण्याची पद्धत २०१३ मध्ये पुढे आली. प्रोपोफॉल आणि झेनॉन या भुलीच्या द्रव्यांनी आलेल्या बेशुद्धीत हा अंक खाली येतो. केटामिन या भुलीच्याच औषधाने माणूस प्रतिसाद देईनासा झाला तरी तो उंच राहतो, आणि शुद्धीवर आल्यावर अशा व्यक्ती स्वप्नांसारखे ठसठशीत अनुभव सांगतात.

येथून वाचकाने एक सवय लावून घ्यावी: निबंधात 'बेशुद्ध' असे म्हटले असेल, तर प्रतिसाद नव्हता की अनुभव नव्हता, हे विचारावे. एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये प्रतिसादहीन असलेल्या एका तरुणीला टेनिस खेळण्याची कल्पना करायला सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूत निरोगी व्यक्तींसारखीच सक्रियता दिसली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक केंद्रांच्या अभ्यासात, आज्ञांना कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांनी, म्हणजे सुमारे चौथ्या हिश्शाने, एफएमआरआय किंवा ईईजीवर आज्ञा पाळल्याची चिन्हे दाखवली.

जाणीव मुळात का असते, यावरचे सिद्धांत वेगळे वाचावेत. दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांच्या समर्थकांनी भाकिते आधी ठरवून मिळून केलेल्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. २५६ सहभागींच्या त्या अभ्यासात दोन्ही सिद्धांतांची काही महत्त्वाची भाकिते चुकली. एकाच सिद्धांताच्या बाजूने ठाम निकाल लागल्याचे सांगणारा लेख त्यामुळे संशयाने वाचावा.

दोन्ही विषय जोडणारा निबंध

जाणीव आणि सर्जनशीलता यांना एकत्र आणणारे संशोधन सर्वांत जास्त उत्सुकतेने वाचले जाते, आणि तेथेच वाचकाने सर्वांत सावकाश जावे. पॅरिसमधील सेलिया लाको आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या निबंधात सहभागींना अंकांची कोडी दिली होती. त्यांत एक झटपट उत्तराची युक्ती दडलेली होती. मध्ये विश्रांती दिली असता, झोपेच्या पहिल्या, अगदी उथळ टप्प्यात किमान १५ सेकंद शिरलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, तर त्याहून खोल झोपेत गेलेल्यांपैकी १४ टक्क्यांना ती युक्ती नंतर सापडली. फरक मोठा आहे आणि अवस्था ईईजीवरून ठरवल्या होत्या, हे त्याचे बळ. पण कोणी डुलकी घ्यायची आणि कोणी जागे राहायचे हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. सहभागी आपापल्या परीने झोपले किंवा जागे राहिले, आणि गट त्यानुसार पडले. येथे मोजलेली सर्जनशीलताही दडलेला नियम ओळखण्याची आहे, विटेचे उपयोग सांगण्याची नव्हे. म्हणून हा निबंध बीटी यांच्या निबंधाशेजारी ठेवून 'डुलकीने डिफॉल्ट मोड नेटवर्क सुधारते' असे कोणी लिहिले, तर त्या वाक्याचा पहिला भाग एका अभ्यासातून, दुसरा दुसऱ्यातून आणि मधले क्रियापद लेखकाच्या पदरचे आहे असे समजावे, आणि एकाच व्यक्तींवर दोन्ही गोष्टी मोजणारा अभ्यास आहे का, तो शोधायला लागावे.